आधी मोठ्यांनी गुडघे टेकावेत

२० ऑक्टोबर १५७८ रोजी केरळात कोल्लमला सोळा पानांची एक तमिळ पुस्तिका छापून झाली. भारतात भारतीय लिपीत छापलेल्या पुस्तकांपैकी आज हाती असलेलं हे सर्वांत जुनं. त्यात व्याकरण नव्हतं, राजाचं फर्मान नव्हतं की कथाकाव्य नव्हतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या किनाऱ्यावरच्या लोकांना आणि त्यांच्या पोराबाळांना प्रार्थना नि दहा आज्ञा पाठ व्हाव्यात, एवढ्यासाठी ती केलेली. मूळ मजकूर फ्रान्सिस झेवियरचा, पोर्तुगीजमधला. तमिळ केलं एन्रिक एन्रिकेस या जेझुइट पाद्र्याने. आपल्याकडे छपाईचा इतिहास सांगताना गुटेनबर्ग येतो, बंगालातला विल्यम केरी येतो. ही पुस्तिका तळटिपेत आटोपते.

तेव्हापासून ख्रिस्ती मुलाच्या हातात अशी एखादी पुस्तिका पडत आली आहे. कागद सुधारला, चित्रं रंगीत झाली, आता तर ती मोबाइलवर उघडते. तिच्यामागची समजूत मात्र जागची हललेली नाही: प्रार्थना हा धडा, तो मुलाला नेमून द्यायचा, मग म्हणवून घ्यायचा आणि अडखळलं तर पुन्हा पाठ करायला लावायचा. धर्मगुरू, सिस्टर, संडे स्कूलचे मास्तर, सगळे या समजुतीवर विसंबून आहेत आणि आईबाप तर फारच खुशीने. या समजुतीचा हिशेब एकदा मांडायला हवा. कारण इतिहास उलगडून पाहिला तर मुलांना प्रार्थना आली ती बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने.

सुरुवात शुभवर्तमानातूनच करू. लूकच्या अकराव्या अध्यायात शिष्य येशूला म्हणतात, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. हे मागणारे बाप्ये होते, मासेमारी करून हात राठ झालेले. यहुदी घरात वाढल्यामुळे स्तोत्रं त्यांना लहानपणापासून तोंडपाठ असणार. तरी त्यांनी हे विचारलं, आणि केव्हा विचारलं? येशू एका ठिकाणी प्रार्थना करत होता, ती संपल्यावर. आधी त्यांनी पाहिलं, मग मागितलं. हा क्रम लूकने मुद्दाम नोंदवला असावा असं मला वाटतं. यहुदी नियमशास्त्रातही, ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, बापाने मुलाला जे शिकवायचं ते घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वेगळा तास नाही, वेगळी खोली नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकात ‘दिदाखे’ नावाची जी छोटी नियमावली तयार झाली, तिच्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलं आहे. मुलांसाठी निराळी सूचना त्यात नाही. मोठे तीनदा म्हणत असतील तर मुलांच्या कानावरून ती तीनदा जाणारच, निराळं सांगायची गरज कोणाला वाटली नसावी.

मग चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा एक शाळकरी मुलगा येतो. मास्तर मारकुटे. देवाला हाक मारणारी माणसं त्याने पाहिली होती, म्हणून त्यानेही मारली. शाळेत मार बसू नये, एवढंच मागणं. मार बसला. वळ पाहून मोठी माणसं हसली. आईवडीलसुद्धा हसले, आणि ती आई म्हणजे पुढे संतपदाला पोचलेली मोनिका. हा मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन. चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये त्याने हा प्रसंग घातला आहे, आणि तीस-पस्तीस वर्षांनंतरही ते हसणं त्याला डाचत होतं हे वाचताना कळतं. ख्रिस्ती साहित्यात मुलाच्या स्वतःच्या प्रार्थनेची इतकी जुनी आणि इतकी खरी नोंद मला दुसरी ठाऊक नाही. ती कोणी शिकवलेली नव्हती. ती ऐकून मोठ्यांनी काय केलं हेही तिच्यातच आहे.

याच्या शेजारी विसाव्या शतकातली एक नोंद ठेवावीशी वाटते. १९५४ पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी जियाना गोब्बी माँटेसरीच्या पद्धतीने लहान मुलांसोबत काम करू लागल्या. मुलांच्या उंचीची टेबलं, हाताळायला छोट्या लाकडी वस्तू, भरपूर शांतता. मुलाला हवं तेव्हा ते बोलेल. वर्षानुवर्षं ऐकून काव्हालेत्तींनी नोंदवलं की साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं आपणहून प्रार्थना करतात तेव्हा मागणं जवळजवळ नसतंच, आभार असतात, कौतुक असतं. ऑगस्टीनची प्रार्थना तर सगळी मागण्याची. मग खरं कोणाचं? दोघांचंही. एक मूल मार खात होतं, दुसरं निवांत होतं. मूल देवाकडे काय मागतं हे मोठ्यांनी त्याला कोणत्या स्थितीत ठेवलंय यावर ठरतं, आणि प्रार्थना शिकवायला निघालेल्याने पाठ्यपुस्तकाआधी ही स्थिती पाहावी.

मार्टिन ल्यूथरला ते काही प्रमाणात कळलं होतं. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या तपासताना लोकांना, काही ठिकाणी तर पाळकांनाही, प्रभूची प्रार्थना धड येत नाही हे पाहून तो हादरला, आणि १५२९ मध्ये त्याने छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिलंय की हे घरधन्याने घरच्यांना साधेपणाने शिकवावं. सकाळची प्रार्थना म्हणून आनंदाने कामाला लागावं, रात्रीची म्हणून लगेच झोपावं, असंही तो सांगतो. पुढल्याच वर्षी कोबुर्गच्या किल्ल्यातून त्याने आपल्या चार वर्षांच्या हान्सला पत्र पाठवलं. एक सुंदर बाग आहे, सफरचंदं आहेत, सोन्याचे लगाम घातलेली लहान घोडी आहेत, आणि प्रार्थना आवडीने करणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या मुलांना तिथे खेळता येतं! पोपला शिंगावर घेणारा हा माणूस पोराला तट्टाचं आमिष दाखवतोय हे वाचून हसू येतं. पण बाप स्वतः लिहितोय, आणि मुलाच्या जगात जाऊन लिहितोय. प्रश्नोत्तरीचं पुढे जे झालं ते व्हायचंच होतं: घरधन्याच्या हातून ती हळूहळू शाळामास्तराच्या हातात गेली आणि तिच्यासोबत छडीही आली.

ल्यूथरच्याच पिढीच्या शेवटाला, ६ मे १५४२ रोजी, झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यारस्त्याने फिरायचा, मुलांना आणि गुलामांना धर्मपाठाला पाठवा असं ओरडून सांगायचा, आणि मागे लागलेली पोरं घेऊन रोझरी मातेच्या चॅपेलात जायचा. तीनशेच्या वर मुलं जमत असं त्याने पत्रात लिहिलं आहे. शिकवणं गाऊन. पाठ झालेलं पोरं वाटेने, घरी, खेळताना म्हणत राहायची. इतकं चांगलं तंत्र त्याआधी या देशात कोणा परक्या धर्मप्रसारकाला साधलं नव्हतं. पुढे तमिळ किनाऱ्यावर त्याने आणखी एक पाऊल टाकलं. सगळ्या आजाऱ्यांकडे स्वतः जाणं शक्य नव्हतं, म्हणून प्रार्थना येणाऱ्या मुलांना क्रूस देऊन तो आजाऱ्याच्या उशाशी पाठवू लागला. घरी जाऊन आईबापांना शिकवा, शेजाऱ्यांना शिकवा, असंही त्यांना सांगितलं.

इथवर वाचून कोणाही ख्रिस्ती वाचकाचं मन भरून येईल. पण जानेवारी १५४४ च्या कोचीच्या पत्रात तोच झेवियर समाधानाने सांगतो की मूर्तिपूजा करणाऱ्या आईबापांची बातमी हीच मुलं त्याच्याकडे आणतात आणि मूर्ती फोडून पायदळी तुडवतात. प्रार्थना शिकवता शिकवता मुलाला घरातला हेर केलं. झेवियर संत आहे, त्याचं शव दर्शनाला ठेवलं की लाखो माणसं जुन्या गोव्याला रांग लावतात. तरी हे पत्र त्याच्याच हातचं आहे आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास लिहिताना ते झाकून ठेवता येणार नाही.

त्याच्यामागे जे राज्य उभं होतं त्याने तर लाजच सोडली. मार्च १५५९ मध्ये लिस्बनहून हुकूम निघाला: गोव्यातल्या हिंदूंची पोरकी झालेली मुलं सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा द्यावा, ख्रिस्ती शिक्षण द्यावं. हुकूम निघाला तो राजा दों सेबास्तियांवच्या नावाने. राजाचं वय तेव्हा पाच वर्षं, आणि त्याचाही बाप त्याच्या जन्माआधीच वारलेला. लिस्बनमधल्या पोरक्या मुलाला सिंहासन, मांडवीकाठच्या पोरक्या मुलाला पाद्र्याचा पहारा. चुलता-मामा जिवंत असताना उचलून नेलेल्या त्या मुलांनी पहिली रात्र कोणाची आठवण काढत घालवली असेल? त्यांना शिकवलेल्या प्रार्थना पाठ झाल्या असतील यात शंका नाही.

याच गोव्यात, झेवियरच्याच जेझुइट संघातून, अगदी निराळा माणूसही निघाला, आणि मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला आला आणि उरलेलं आयुष्य मुख्यतः सासष्टीत घालवून १६१९ मध्ये वारला. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग आहे. पाद्री धर्मपाठ शिकवत असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो. हे दोतोर्न, म्हणजे धर्मपाठ, चांगलं आहे, पण आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय दिलंत, असा त्याचा सवाल. सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण हे त्या सवालाचं उत्तर. धर्मपाठाच्या वर्गावर ठेवलेलं हे पहिलं जाहीर आरोपपत्र म्हणायला हरकत नाही: तुम्ही आम्हाला पाठ दिलेत, पण घरात बसून चार माणसांत वाचावं, डोलावं असं काही दिलं नाहीत. स्टीफन्सने आरोप मान्य केला. त्याने मुलांसाठी प्रश्नोत्तरांची पुस्तिकाही केली, ती त्याच्या मागे १६२२ मध्ये छापली गेली. पुराण मराठीत, कारण ते सभेत वाचायचं; प्रश्नोत्तरी कोकणीत, कारण मुलं घरी कोकणी बोलायची. हा विवेक चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला होता.

पोर्तुगीज सरकारला नव्हता. १६८४ मध्ये विजरई कोंद द आल्व्होरने हुकूम काढला की तीन वर्षांत देशी भाषा टाकून सर्वांनी पोर्तुगीज बोलावी. हुकूम दप्तरात राहिला. गोव्याच्या घरात रात्रीचा तेर्स, म्हणजे रोझरी, कोकणीतच चालू राहिला.

हा तेर्स कसा चालतो ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिवेलागणीला चर्चची घंटा होते, तिला आंज म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात त्याच वेळी ‘शुभं करोति’ चालू असतं, परवचा चालू असतो. हा योगायोग म्हणायचा की कोकणच्या संध्याकाळचाच तो स्वभाव, कोण जाणे. ओटारीपुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, मेणबत्ती किंवा दिवा लागतो. आजी भिंतीला टेकून जमिनीवर बसते, तिच्या गुडघ्यांना आता वाकणं जमत नाही. बाप अर्धा दिवस उन्हात काढून आलेला, जांभई दाबत उभा. पोरं गुडघ्यांवर. पन्नास मणी, दहा-दहांच्या पाच लडी. एक लड वाचेने पुढे न्यायचं काम कधीतरी सात-आठ वर्षांच्या पोराला मिळतं, आणि ते मिळणं म्हणजे घरात मोठं होणं. मधेच कोणीतरी खुदकन हसतं, आजी माळ न थांबवता दुसऱ्या हाताने चिमटा काढते. नववा मणी की दहावा, यावर भावंडांत डोळ्यांनी भांडण. लादिनीतलं, म्हणजे शेवटच्या स्तुतिमाळेतलं, लॅटिन पालुपद पोरं असं काही बोबडं म्हणतात की एखाद्या लॅटिन पंडिताला घाम फुटावा. संपलं की प्रत्येक मूल आजीपुढे, मग आईबापापुढे हात जोडून येतं आणि बेसांव मागतं, आशीर्वाद. तो मिळाल्याशिवाय जेवण नाही. वाड्यावरच्या क्रूसापाशी लादीन असली तर शेवटी उकडलेले चणे मिळतात. कित्येक मुलं चण्यांसाठी येतात आणि लादीन शिकून जातात. ल्यूथरच्या घोड्यांचाच हा देशी अवतार.

या सगळ्यात शिकवणारा कोण आहे? कोणीच नाही, आणि सगळे आहेत. परीक्षा नाही, पुस्तक नाही. आजीला बहुधा वाचताही येत नव्हतं. मुलाने पाहिलं एवढंच की ज्यांना आपण भितो ती मोठी माणसंही कोणापुढे तरी हात जोडून बसतात.

या घरगुती शाळेची ताकद वसईने दाखवली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्यामागोमाग पाद्र्यांचा मोठा भरणाही गेला. शेतीवाडी करणारी ख्रिस्ती कुटुंबं मात्र तिथेच राहिली. संस्थेचा आधार इतका तुटपुंजा असताना त्यांची श्रद्धा पुढल्या पिढ्यांत कशी उतरली? पुस्तकं छापणारं कोणी नव्हतं, वर्ग घेणारे थोडे होते. आयाबायांनी ते केलं, वाडवळी-सामवेदी बोलत, आपापल्या माजघरात. वसईच्या मातीतून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा मराठी लेखक निघाला, ‘सुबोध बायबल’ आलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं. त्या सगळ्याची पहिली इयत्ता हीच.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंटांची कथा १८१३ पासून. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईला आले, १८२६ मध्ये त्यांनी मराठी नवा करार छापून काढला, शाळा तर त्याआधीच उघडल्या होत्या. त्या शाळांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. ख्रिस्ती शिक्षक मिळेनात, म्हणून नेमले ते गावचे हिंदू पंतोजी. दहा आज्ञा आणि ख्रिस्ती प्रश्नोत्तरी मुलांकडून ते घोकून घ्यायचे, पावकी-निमकी घोकून घ्यावी तसे, आणि संध्याकाळी घरी जाऊन स्नानसंध्या करायचे. म्हणवून घेणाऱ्याचाच विश्वास नाही अशा प्रार्थनेतून मुलांना मोडी आणि बाळबोध वाचता येऊ लागलं. तेही काही थोडं नव्हे, पण मिशनऱ्यांना हवं ते दुसरंच होतं.

या काळात मूल कोणाचं हा प्रश्नही न्यायालयात गेला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. कोर्टाने श्रीपतला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. १५५९ च्या गोव्यात असं कोर्टही नव्हतं आणि असा बाळशास्त्रीही नव्हता. बापाच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थना शिकवू नये हे आपल्याकडे ठरत गेलं ते असं, भांडत भांडत.

अहमदनगरच्या मंडळीला जे हवं होतं ते अखेर नारायण वामन टिळकांनी दिलं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं पुष्कळ होती, आणि ती म्हणताना मराठी जीभ लंगडायची. टिळकांनी अभंग आणला, भजन आणलं, टाळ आणले. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि तो पूल त्यांनी मागे मोडून टाकला नाही. महाराष्ट्र त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणतो. मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी लिहिलं; ‘उपासना संगीत’मध्ये त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांचं खरं काम मोजायचं तर असं मोजावं: नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली निरक्षर आई चूल पेटवताना जे गुणगुणते तेच रविवारी ख्रिस्तमंदिरात पेटीवर ऐकू येऊ लागलं. तिच्या पोराला मग ते वेगळं शिकवायची गरज उरली नाही.

आणि पंडिता रमाबाई. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. बालविधवांना तिथे धर्म शिकवायचा नाही असा करार होता आणि रमाबाईंनी तो पाळला. पण त्या स्वतः आपल्या मुलीला, मनोरमेला, घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावा, एवढंच लोक मागत होते. रमाबाईंनी लावलं नाही. मुलांच्या प्रार्थनेसंबंधी महाराष्ट्रात झालेला हा सर्वांत मोलाचा वाद आहे असं मी मानतो, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आसऱ्याला आलेली, जायला दुसरं घर नसलेली मुलगी उघड्या दारातून आत येते तेव्हा तिची इच्छा किती मोकळी असते? रानड्यांची शंका साधी नव्हती. तरीही आईने आपल्या मुलीसोबत करायची प्रार्थना लपूनछपून करावी, हे कोणत्या न्यायात बसतं? केडगावच्या मुक्तिसदनात पुढे, १९०५ मध्ये, रमाबाईंनी रोज प्रार्थनेला येणाऱ्या मुली हव्यात असं सांगितलं तेव्हा सत्तरेक पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. त्या महिन्याच्या अखेरीपासून शेकडो मुली एकदमच मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. त्या उसळीने पाहणारे भांबावले. काहींनी त्याला पवित्र आत्म्याचं कार्य म्हटलं, काहींनी उन्माद. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना रडायला पहिल्यांदाच जागा मिळाली होती, इतकं तरी दोन्ही पक्षांनी मान्य करायला हरकत नसावी.

विसाव्या शतकाने मुलांच्या बाबतीत दोन मोठे निर्णय घेतले, दोन्ही रोमचे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिलं कम्युनियन घेण्याचं वय साधारण सातवर आणलं. हेतू मुलांवरच्या मायेचा. परिणाम असा की सात वर्षांच्या मुलांची तयारी करून घेणारे वर्ग गावोगाव सुरू झाले, आणि वर्ग म्हटला की हजेरी आली, तोंडी परीक्षा आली, नापास होण्याची धास्ती आली. दुसरा निर्णय १९६३ चा: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकांच्या भाषेत करायला मोकळीक दिली. वसईच्या मुलाला मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली. स्टीफन्सला जे उमगलं होतं ते रोमला मान्य व्हायला साडेतीनशे वर्षं लागली.

आणि आता, जेव्हा मंदिरात मराठी आली आहे, तेव्हा घरातून ती निघाली आहे. वसई, मुंबई, पुणे, नगर, सगळीकडे हेच. पोरगं इंग्रजी शाळेत. प्रभूची प्रार्थना त्याला इंग्रजीत येते, तीही घडघडा, श्वास न घेता. आजीला ती मराठीत येते. दोघं एकत्र म्हणू शकत नाहीत, मग म्हणतच नाहीत. संडे स्कूलच्या सुवर्णवचनाच्या स्पर्धेत पोराला बक्षीस मिळतं, मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत ते हातवारे करून इंग्रजी गाणी म्हणतं, आईबाप मागे उभे राहून व्हिडिओ काढतात. रात्री घरात टीव्ही चालू, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. त्या मुलाने बापाला गुडघे टेकलेलं पाहिलेलं असतं ते रविवारी मंदिरात, शंभर माणसांत, आणि तिथे तर सगळेच टेकतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चर्च बंद झाली तेव्हा हे उघडं पडलं. ज्या घरात रात्रीची प्रार्थना होती तिथे काही बिघडलं नाही. जिथे नव्हती तिथे पडद्यावरची मिस्सा लावून माणसं सोफ्यावर बसली आणि पोरं दहा मिनिटांत उठून गेली. पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मी पाठांतराच्या विरुद्ध नाही. पाठ असलेल्या ओळी म्हातारपणी, आजारपणात, शब्द सुचत नसताना कामाला येतात. स्मृती गेलेली माणसंही जुनी प्रार्थना बिनचूक म्हणताना दिसतात. आक्षेप आहे तो पाठांतरालाच शिक्षण समजून मोठ्यांनी आपली सुटका करून घेण्याला. मराठीच हवी असाही माझा हट्ट नाही. दुबईत किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या घरात खरोखर इंग्रजीच बोलली जात असेल तर प्रार्थनाही इंग्रजीत होऊ दे. ज्या भाषेत तुम्ही मुलाला रागावता, लाडाने हाक मारता, नवरा-बायकोत भांडता, त्या भाषेत देवाशी बोला म्हणजे झालं. दुसऱ्या भाषेतली प्रार्थना मुलाला पाहुण्यांसमोर म्हणायच्या कवितेसारखी वाटते.

धर्मप्रांतांना आणि मंडळ्यांना एक सुचवायचं आहे. पहिल्या कम्युनियनपूर्वीची मुलांची तोंडी परीक्षा बंद करा. तिच्यातून आजवर भीतीशिवाय काही निघालेलं नाही. जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हा पहिले चार रविवार मुलांना खेळू द्या आणि त्या बाकांवर आईबापांना बसवा. घरी रोज दहा मिनिटं, टीव्ही बंद करून, पोरांदेखत प्रार्थना करणार का, एवढंच त्यांना विचारा. जे हो म्हणतील त्यांच्या मुलांना पाचव्या रविवारी बोलवा. जे नाही म्हणतील त्यांच्या घरी पाळकांनी स्वतः जावं, आणि जाताना पुस्तिका नेऊ नये.